वरच्या खणाचा घोडा

मी घोडा बोलतोय. शेपूट शोधू नका, लाकडाचा आहे. उंच कपाटापर्यंत माणूस चढवायची दुपाखी शिडी असते ना, तिला घोडा म्हणतात. अक्षर मला येत नाही. माणूस मात्र पायाच्या वजनावरून ओळखतो.

नाशकातल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी सुताराने मला जुन्या दारांच्या सागातून ठोकलं. एक पाय तोकडा राहिला. त्याचं त्याला काही वाटलं नाही, मलाही नाही.

कादंबऱ्या हाताशी, स्वयंपाकाची पुस्तकं हाताशी. कायद्याची सगळ्यात वर, कारण ती कुणी मागत नाही. मागतात तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं असतं. ग्रंथपाल विमलाबाई. गुडघे दुखायचे, तरी शिपायाला न सांगता स्वतः चढायच्या.

अठ्ठ्याण्णव साल असेल. चांगुणा आमच्या फाटकाशी फुलं विकायची. नवरा गेलेला, पदरी एक पोरगी. झेंडू, शेवंती यायची मखमलाबादच्या मळ्यातून, म्हणजे तिच्या माहेरून. बाप वारल्यावर मळा तिचा भाऊ वाल्मीक बघायचा. एका दुपारी ती तलाठ्याची नोटीस घेऊन आत आली.

"बाई, ह्यात हरकत लिवलीय. भावानं इचारलं व्हतं, ताई, मळ्यावर माझं एकट्याचं नाव लावतो, हरकत नाय ना? मी म्हणलं, हरकत नाय. मंग परत कशाला इचारत्यात?"

माणसं हे दोन शब्द दिवसातून पन्नासदा बोलतात. चहा सांडला, हरकत नाही. पायावर पाय दिला, हरकत नाही. बापाचा मळा त्यातच गेला असता.

विमलाबाईंनी नोटीस वाचली. "पंधरा दिवसांची मुदत आहे. बारा गेले." मग मला ओढलं, चढल्या, दोन पुस्तकं घेऊन उतरल्या.

"मी काय करू, ते सांगा."

"ते नाही सांगणार. मी वकील नाही. कुठे लिहिलंय ते दाखवते."

"मंग तुमचा उपेग काय?"

"शिडी चढायचा."

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. बाप मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा, मुलगी सारखेच वारस. चांगुणा चौथी शिकलेली. ती ओळ तिने तीनदा वाचली.

"लगीन झालेली पण?"

"लग्नाचं काही लिहिलंय का? बघा."

"नाय."

दुसऱ्या पुस्तकात हरकत कशी नोंदवायची ते होतं. तिने ते उतरवून घेतलं, भोपळ्याएवढ्या अक्षरांत. कोर्टात बायांना फुकट वकील कुठे मिळतो, त्याची चिठ्ठीही बाईंनी दिली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने तलाठ्याकडे कागद दिला.

आठवड्याने वाल्मीक आला. "माझ्या बहिणीला फितवलं तुमी."

"दाखवलं. तुम्हालाही दाखवते. बसा."

"मला नाय बघायचं."

जाताना लाथ मला घालून गेला. कायद्याला लाथ पोचत नाही, तो फार वर असतो.

चौकशी झाली, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. त्याच आठवड्यात मळ्यातली फुलं बंद झाली. ती बाजारातून विकत आणून विकू लागली. फाटकाशीच. बाईंना रोज एक गजरा द्यायची, पैसे घ्यायची नाही, बोलायचीही नाही.

दोन हजार सहा साली एकदा आत आली आणि टेबलाशी बसली.

"बाई, आई गेली. मला तेराव्याला कळलं."

विमलाबाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं.

"नाव हाय माझं तिथं. पण कळवायला पायजे, आसं कुठं लिवलेलं आसतं का?"

बाईंनी वरच्या खणाकडे पाहिलं. मला ओढलं नाही.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता मी जिन्याखाली पडून आहे. एक पायरी निखळली, तिथे झाडणारी तिचं फडकं वाळत घालते. दुःख वगैरे काही नाही. सरपणात घालायचं तर घाला. टेबलाशी नवीन बसलेल्यांना एवढंच सांगतो: कुणी कागद घेऊन आलं की आधी मुदत बघा. बाकीचं पुस्तकात लिहिलेलं आहे. सगळं नाही.