शोभेला ठेवलेला प्याला

मी एक जुना प्याला आहे, पितळेचा, आतून कल्हई केलेला, आणि मी चिडलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या वस्तू तुमच्याशी गोड बोलतात, आपले पोचे दाखवतात आणि शेवटी तुम्हाला डोळे पुसायला लावतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

जन्म.
सोलापुरात एका कासारानं जुनं पितळ वितळवून मला ओतलं. झालं. पुढं चला.

काम.
नळदुर्गात हायवेपासून आत एक लहानसं चर्च आहे. पत्र्याचं छप्पर, वीस बाकं. प्रार्थनेच्या मधोमध ट्रकांचे हॉर्न वाजतात. तिथं महिन्यातून एकदा माझ्यात द्राक्षरस भरतात आणि सगळे एकेक घोट घेतात. भरत असत. घेत असत.

माझा अर्थ.
हा भाग नीट वाचा. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी तो नीट वाचलेला नाही.

मिसर देशात काही लोक गुलाम होते. विटा थापायचे आणि मार खायचे. सुटकेच्या रात्री त्यांनी कोकरू कापलं, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मरण ते दार ओलांडून पुढं गेलं. त्या सणाला वल्हांडण म्हणतात. तेव्हापासून दर वर्षी ते जेवायला बसत आणि चार प्याले भरत. देवाची चार वचनं: बाहेर काढीन, दास्यातून सोडवीन, हात पुढं करून खंडून घेईन, म्हणजे मोल देऊन सोडवीन, आपले लोक करून घेईन. म्हणजे प्याला उचलायचा तो आठवण्यासाठी. आपण कोण होतो, ते.

शेकडो वर्षांनी येशू त्याच जेवणाला बसला. उद्या आपल्याला मारणार हे त्याला ठाऊक होतं. जेवण झाल्यावर त्यानं प्याला उचलला. जाणते म्हणतात, तो तिसरा होता, खंडून घेण्याचा. हे माझं रक्त आहे, हा नवा करार आहे, असं तो म्हणाला. म्हणजे या वेळी कोकरू तोच होता. आणि त्यानं सांगितलं की सगळ्यांनी यातून प्यावं.

सगळ्यांनी. त्या टेबलाशी त्याला धरून देणारा बसला होता. थोड्या वेळानं त्याची ओळख नाकारणारा बसला होता. त्यांच्यासाठी वेगळं भांडं काढलेलं नव्हतं.

स्तुती.
एकदाच झाली. निजामाच्या राज्यात. धुळाप्पा नावाचा माणूस पहिल्यांदा माझ्यापुढं गुडघ्यावर आला. त्या काळी रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात त्याच्यासाठी बाहेरच्या कोनाड्यात एक कपबशी असायची. चहा वरून ओतायचे. पिऊन त्यानंच ती धुवायची आणि पालथी घालायची. त्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब माझ्यातून प्यायले आणि तोच मी त्यांनी त्याच्या हातात दिला. धुळाप्पा लगेच प्यायला नाही. आधी त्यानं माझी ओली कडा बोटानं चाचपली. मग म्हणाला, "साहेब, ह्ये तर तुमचं उष्टं हाय." पाळक म्हणाले, "व्हय. आता तुझं कर." तो प्यायला, आणि इतका रडला की रसात खारट चव उतरली.

याहून मोठी स्तुती कुणाची झाली असेल तर सांगा.

उपेक्षा.
साथीचा रोग आला तेव्हा मला बाजूला ठेवलं आणि प्लास्टिकचे चाळीस छोटे पेले आणले. मी रागावलो नाही. माणसं मरत होती. मला टेबलावर शोभेला ठेवलं, ट्रेच्या शेजारी, रिकामा.

साथ गेली. नाताळात ठरलं, येत्या पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, मला पुन्हा भरायचं.

त्याच नाताळात इरम्माचा बाप्तिस्मा झाला. ती आळंदकडची, कानडी बोलणारी. रोज पहाटे कचऱ्याच्या घंटागाडीवर असते. प्रभुभोजनासाठी, म्हणजे हा घोट घेण्यासाठी, तीन महिने शिकवणी घ्यावी लागते, ती तिनं एकही दिवस चुकवली नाही. पाळक शंभुलिंग यांना तिनं पुन्हा पुन्हा एकच विचारलं होतं, "सगळ्यांसंगं पियाचं, व्हय?" ते म्हणायचे, "सगळ्यांसंगं." त्या एका शब्दासाठी ती थांबून होती.

आणि मग हिंमतराव मास्तर पाळकांकडं आले. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ. बोलणं माझ्यासमोरच झालं. रिकाम्या भांड्यापुढं माणसं मोकळी बोलतात.

"पाळकसाहेब, छोटे पेलेच ऱ्हाऊ द्या."

"पण मास्तर, ठरलं होतं की."

"तवा ठरलं होतं. आता ती बाई सगळ्या गावची घाण उपसती. भेदभाव न्हाय हो! आमी कुठं भेदभाव करतोय? आरोग्याचं म्हणतोय."

"पेले चाळीसच आहेत. ती एकेचाळिसावी."

"तिचं मी बघतो."

हे हिंमतराव म्हणजे धुळाप्पाचे नातू. सख्खे.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घरून एक स्टीलचा गिलास आणला, त्यात रस ओतला आणि टेबलाच्या टोकाला एकटा ठेवला. मी तो पाहिला. पितळाला ओकता येत नाही म्हणून थांबलो.

इरम्मा इस्त्रीचं लुगडं नेसून रांगेत आली. हिंमतराव ट्रे घेऊन उभे होते. तिनं हात पुढं केला. त्यांनी ट्रे अलगद मागं घेतला.

"इरम्मा, तुझं तिकडं ठेवलंय बघ."

"त्यो गिलास? मला?"

"व्हय. तुला जरा जास्तच घातलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "नशीबवान हाय की गं!" दोघीतिघी हसल्या. पाळकांनी मान खाली घातली. ती प्रार्थना नव्हती, हे मी जवळून पाहिलं.

इरम्मा म्हणाली, "म्या जास्त न्हाय मागितलं, अण्णा. सगळ्यांसंगं मागितलं."

तिनं गिलास उचलला. मला वाटलं, आता फेकणार. फेकावा, असंही वाटलं. तिनं तो माझ्यात ओतला. माझ्यात चार वर्षांची धूळ होती. धुळीसकट ती अर्धा प्याला प्यायली आणि तिनं मला हिंमतरावांपुढं धरलं.

"घ्या."

सगळं चर्च बघत होतं. त्यांना मला हातात घ्यावंच लागलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि जिथं तिचे ओठ लागले होते ती कडा पुसायला लागले.

"पुसा," इरम्मा म्हणाली. "चांगलं पुसा. आतलं कसं पुसणार?"

हिंमतरावांची सून दीपमाला फसकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. हिंमतरावांनी मला टेबलावर ठेवलं, तोंड न लावता, आणि जागेवर जाऊन बसले. ट्रेमधला त्यांचा पेलाही तसाच राहिला. त्या संध्याकाळी उपाशी राहिलेला माणूस तो एकटाच.

आमच्याकडं एक नियम आहे. आशीर्वाद दिलेला रस ओतून टाकता येत नाही. उरलेला पाळकांनीच संपवायचा असतो. शंभुलिंग साहेबांनी माझ्यात पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. दाराकडून काही मदत येईना. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि तळापर्यंत रिकामं केलं.

त्यांचं कौतुक करू नका. ते धैर्य नव्हतं, नियम होता. पण इरम्माचं उष्टं त्यांच्या गळ्याखाली उतरलं, भर सभेत, आणि इरम्मा मोठ्यानं म्हणाली, "आमेन." एकटीच.

पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रे आला. स्टीलचा गिलास मात्र आला नाही. एकेचाळीस पेले होते. याला ते सुधारणा म्हणतात.

विनंती.
वस्तूंनी शेवटी निगा राखा म्हणायचं असतं. मी म्हणतो, मला चिंचेनं घासू नका. माझ्यात फुलं खोचू नका. पाहुण्यांना दाखवून माझं वय सांगू नका. माझी निगा राखायची एकच रीत आहे: प्या आणि पुढं द्या. आपल्या आधी कुणाचे ओठ लागले ते बघू नका. मला उष्टा ठेवा.

तेवढं जमणार नसेल, तर मघाशी तुम्हाला मित्रांनो म्हणालो, ते मी परत घेतो.