न कुरकुरणारं जू

नवं जू लागलं की जालिंदरच्या पदरात काय काय पडणार, हे त्यानं बैलांना वैरण टाकता टाकताच जुळवून ठेवलं होतं. बैलांच्या मानेवरचा भार कमी होणार, कारखान्याच्या रांगेत गाडी पुढं लागणार आणि सगळ्यांत गोड म्हणजे विलासचं तोंड बंद होणार. शिरूर कासारहून वडवणीकडं ऊस तोडायला आलेल्या टोळीत गाडीवान दोनच, जालिंदर आणि विलास. गेल्या हंगामात जालिंदरचं बाभळीचं जू भर रस्त्यात मोडलं, तेव्हा विलासनं टाळ्या पिटल्या होत्या.

जू आणलं रविराजनं. जालिंदरचा हा चुलत भाऊ बीडला कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचा. बांबूच्या कामट्या आणि काचेचे धागे चिकट रसायनात दाबून त्यानं ते बनवलं होतं, आणि छत्री उचलावी तसं एका हातानं उचलून दाखवलं.

"जीप घातलीय यावरून, दादा. मोडणार नाही." त्यालाही कॉलेजच्या प्रदर्शनासाठी कामाच्या बैलजोडीवर लावलेल्या जुवाचा फोटो हवाच होता.

"परयोग तुमचा, अन बैल आमचे कावून?" जालिंदरची बायको केशरबाई पाचटाच्या कोपीतून बाहेर आली. जोडीतला चांद्या म्हणजे तिच्या माहेरच्या गाईचं वासरू. "तुमच्या बापाची जोडी कुठं गेली?"

"वडलांनी ट्रॅक्टर घेतलाय, वहिनी."

"हां! मंग ट्रॅक्टरला बांधा की." नवऱ्याकडं वळून ती म्हणाली, "चांद्याला कायी झालं, तर मी हाय अन तुमी हाव."

"गप बस," जालिंदर म्हणाला.

टोळीची रीत अशी, की बैल जुंपूनच गाडी भरायची आणि जू कुरकुरलं की हात आवरायचा. सगळ्यांचे बाप असंच भरत आले होते. त्या दिवशी केशरबाई खालून मोळ्या देत राहिली, जालिंदर वर रचत राहिला. एरवी जिथं बाभूळ ओरडायची, तिथं नवं जू मुकाट.

"काय बे, जू हाय का बासरी?" विलास ओरडला. "का भ्या वाटायलंय भरायला?"

"तुझी गाडी सांभाळ!"

"आवाज तर आला न्हाई अजून. घाल की!"

जालिंदरनं आणखी एक थर चढवला.

"बास करा," केशरबाई म्हणाली. "मान बघा त्याची."

"जू बोललंय का? मंग तू कावून बोलायलीस?"

ओढ्याच्या उतारावर भार पुढं आला आणि चांद्याचा पुढचा पाय काडकन मोडला. बैल खाली बसला, तो उठलाच नाही.

निरोप मिळताच रविराज मोटारसायकलवर आला. आधी वाकून त्यानं जू चाचपलं. "एक चीर नाही, दादा!"

केशरबाईनं कोयता उचलला. रविराज उडी मारून मागं सरला, पण तिनं घाव जुवावर घातला. कोयता उसळून परत आला.

पुढं रविराजला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला; फोटोत जोडी विलासची होती. सांडलेला ऊस विलासच्याच गाडीनं पोचला, तेव्हा कारखान्याचंही काही अडलं नाही. जालिंदर गाडीवरून उतरला आणि कोयता घेऊन फडात लागला. त्याच्या मोळ्या आता विलास रचतो, वर उभा राहून. त्या जादा थराची किंमत चांद्यानं जिवानं मोजली. उरलेली केशरबाई मोजते आहे, एकट्या राहिलेल्या बैलाला वैरण घालून, नवऱ्याशी एक शब्द न बोलता.