मोरीच्या तेलात भिजलेला आवाज

[प्ले]

मित्रांनो, मी जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझ्या अंगाला मासळीच्या तेलाचा वास येतो, असं लोक म्हणतात. ज्यांना तो सोसत नसेल त्यांनी लांब बसावं. माझा आवाज तिथपर्यंत पोचेल.

मला डोळे नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. मला फक्त ऐकू येतं, आणि अंगाला लागलेला हात कळतो. त्यामुळे या जगात कोण जाड, कोण बारीक, कोण उंच, हे मला कधी कळलंच नसतं. लोकांनी ते वारंवार बोलून दाखवलं म्हणून कळलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते पणजीतल्या एका दुकानाचं सरकणारं काचेचं दार. १९९८ साली ते सरकलं आणि काशीराम नावाच्या खलाशाने माझी सगळी बटणं दाबून पाहिली. तो गोव्याच्या ट्रॉलरवर कामाला होता. "बोलता बरो," एवढंच तो म्हणाला आणि मला लुंगीत गुंडाळून मालवणला आपल्या घरी घेऊन आला.

ते माझे मानाचे दिवस होते. गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मी पहाटेपर्यंत टिपलं. भजनं टिपली. शेजारीपाजारी खास स्वतःचा आवाज ऐकायला यायचे आणि ऐकून हिरमुसायचे. "ह्यो माझो आवाज? इतको घोगरो?" मी काय करणार. मी कुणाचा आवाज सजवत नाही. जो येतो तो ठेवतो.

काशीरामची मुलगी वर्षाली तेव्हा तीन वर्षांची होती. ती माझ्या जाळीला तोंड लावून ओरडायची.

[पुढे]

पुढची फीत मी पळवतो. तिथे फारसं काही नाही. सीडी आल्या, मग काशीरामचा मोबाइलच गाऊ लागला. मला जाळ्यांच्या दोरखंडांशेजारी फळीवर ठेवलं. खाऱ्या हवेने माझे स्क्रू खाल्ले. कुणी मला वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, आणि माझ्यासारख्याला तेच जास्त लागतं.

२००८ साली वर्षालीने मला खाली काढलं. ती स्केटिंगच्या वर्गात जाऊ लागली होती आणि वर्गाला गाणी वाजवायला यंत्र हवं होतं.

मित्रांनो, फिगर स्केटिंग म्हणजे संगीताच्या तालावर गिरक्या घेत, उड्या मारत सरकणं. ते खरं बर्फावर करतात. मालवणात बर्फ असतो तो मासळीसाठी. म्हणून इथल्या मुली चार चाकांचे बूट बांधून शाळेच्या सभागृहातल्या फरशीवर ते करायच्या.

शिकवणारे सत्यवान सर मनाने वाईट नव्हते. ते मुलींसाठी लांबून मोटारसायकलवर यायचे, पडलेल्या मुलीला स्वतः मलम लावायचे. पण वर्षालीला ते पहिल्या महिन्यातच म्हणाले, "वर्षाली, तू कॅसेट लाव. गाणं नेमकं कुठे सुरू करायचं ते तुला छान कळतं."

ती कॅसेट लावत राहिली. मागे घे, पुढे घे, थांबव. बाकीच्या मुली घरी गेल्या की रखवालदार कुलूप घेऊन येईपर्यंत ती एकटीच सरकायची. मी ऐकायचो. उडी मारून दोन पायांवर उतरलं की दोन ठोके ऐकू येतात. एका पायावर, जसं उतरायला हवं तसं उतरलं, की एकच. वर्षालीचा ठोका एकच यायचा. भरीव, आणि त्यामागे चाकाची लांबलचक, न थरथरणारी रेघ.

हे सर्वांत आधी मला कळलं. पण माझं मत कोण विचारतो?

[थांबा]

२०१० च्या फेब्रुवारीत टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग दाखवत होते. त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की कसालला एका कार्यक्रमात आपल्या मुली नाचणार, आणि काहींना एकटीने नाचायला मिळणार.

वर्षालीने विचारलं, "सर, मला एकटीने मिळेल?"

सर म्हणाले, "पोशाख तुझ्या मापाचा मिळणार नाही गं. आणि लोक हसले तर मला तुझ्यासाठीच वाईट वाटेल. आधी कमी हो, मग बघू."

तिने माझी वायर गुंडाळली, मला उचललं आणि ती बाहेर पडली. रस्ताभर मला तिचा श्वास ऐकू येत होता. ते रडणं नव्हतं.

बाजारात तिचा मावसभाऊ प्रितेश संगणकाचं दुकान चालवायचा. ती तडक तिथे गेली. सगळं ऐकून तो म्हणाला, "पॉडकास्ट कर."

"ता काय आसता?"

"रेडिओच. पण कोणाक विचारूचा लागना नाय."

मित्रांनो, कोणाला विचारावं लागत नाही, हे ऐकल्यावर वर्षाली पहिल्यांदा हसली.

[रेकॉर्ड]

हे दुपारी तिच्या घरात टिपलेलं आहे. मागे विळीवर बांगडे चिरल्याचा आवाज येतो तो तिच्या आईचा, चंद्रावतीचा. ती मासे विकते. बाकी दोन आवाज वर्गातल्या मैत्रिणींचे, सलोनी आणि किशोरीचे.

"नमस्कार. माझा नाव मी सांगूचंय नाय. वय पंधरा. मी चाकांवर नाचतंय. माझी मांडी जाड आसा. ह्या मी पयलाच सांगतंय, कारण लोक ताच पयला बघतत. माका सांगलेला आसा, आधी कमी हो, मगे बघू. माझो प्रश्न इतकोच, काय बघूचा आसा? माझी उडी आत्ताच बघा ना."

"माझा उलटा," सलोनीचा आवाज. "माका म्हणतत, हाडां दिसतत, पुऱ्या बाह्यांचा घाल. काटी म्हणतत. काटयेक पण नाचूचा आसता."

"आणि माका गुडघे वाकवन उभी करतत," किशोरी म्हणते. "फोटोत डोक्या म्हणे बाहेर जाता."

विळी थांबते.

"गो चेडवांनो, मी डोक्यार टोपली घेवन इतकी वर्सां बाजारात जातंय. माका कोणी सांगूक नाय, गो बाये, आधी बारीक हो, मगे बांगडे विक. बारीक झालंय तर टोपली कोण उचलतलो, तुमचो सर?"

"आये, तू बोला नको, रेकॉर्ड चालू आसा."

"मगे होवंदे रेकॉर्ड. मी काय खोटा बोललंय?"

तिघी हसतात. फीत संपते.

[थांबा]

इथे एक घोटाळा झाला, आणि तो फक्त दर्यावर्दी माणसाच्या घरातच होऊ शकतो.

माझं चाक कुरकुरायला लागलं होतं. चंद्रावतीला वाटलं, लेकीच्या आवाजावर ही कुरकुर नको. होडीच्या लाकडाला लावायचं मोरीचं तेल घरात बाटलीत असतंच. मोरी म्हणजे लहान शार्क. त्या घरात जे जे कुरकुरतं त्याला हेच तेल लावतात. दाराच्या बिजागरीला लावतात, कप्पीला लावतात. तिने तेवढ्याच मायेने माझं झाकण उघडलं आणि आत तेल सोडलं.

कुरकुर गेली. पण तेल चाकं फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर उतरलं, चिकट झालं, आणि माझी चाल मंदावली. प्रितेशने मला वायर लावून संगणकाला जोडलं आणि प्ले दाबलं, तेव्हा माझ्यातून वर्षाली नाही, कुणी पोक्त बाई बोलू लागली. संथ, जड, प्रत्येक शब्द ठेवून ठेवून. चंद्रावती तर भजनी बुवासारखी वाजली.

सलोनी हसून हसून टेबलावर थापा मारू लागली. "वर्षाली, तू पन्नास वर्सांची झालंस."

"थांब," प्रितेश म्हणाला. "संगणकार मी आवाज नीट करतंय. चेडवासारखो. दोन मिनटां."

मी वाट पाहत होतो. मला माझी लाज वाटत होती, हे कबूल करतो. आयुष्यभर जो आवाज येईल तो तसाच ठेवला, आणि हाच नेमका बिघडवला.

"परत लाव," वर्षाली म्हणाली. तिने पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "रवांदे. नीट करूची गरज नाय. उलट माका आवडलो. ही बाई कोणाक भियाची नाय."

प्रितेशने तो तसाच इंटरनेटवर चढवला.

[पुढे]

आधी दुकानात येणाऱ्यांनी ऐकलं. मग त्यांनी मुंबईतल्या नातेवाइकांना कळवलं. मग ते वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांपर्यंत गेलं, आणि त्यांनी सरांना ऐकवलं. त्यात सरांचं नाव नव्हतं. पण आपलं वाक्य माणूस ओळखतोच.

पुढच्या वर्गाला मला टेबलावर ठेवलं होतं. सरांच्या बुटांचा आवाज आला.

"स्वतःला पंधरा वर्षांची म्हणवणारी ही बाई कोण आहे?" ते म्हणाले. "कुणाची आई? मला समोर येऊन बोलायला काय झालं होतं? मुलींनो, सांगा."

 टेबलापाशी सलोनी कुजबुजली, "गप रव. तेंका कळाक नाय. आत्ता गप रवलंस तर पुढच्या वेळेक तुका घेतीत."

मित्रांनो, हे खरं होतं. तेलाने वर्षालीला लपवलं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. बोलणं जगात गेलं होतं आणि वर्गही राहिला असता.

"ती बाई नाही, सर," वर्षाली म्हणाली. "ती मी आहे."

"काहीतरीच. तुझा आवाज असा नाही."

"मशीन हळू चालली. बोलणं माझंच आहे. सगळं."

"अर्धा माझा," सलोनी पुटपुटली. मग मोठ्याने आणि शुद्ध भाषेत, "अर्धं माझं आहे, सर."

 "मग कसाल विसर," सर म्हणाले.

"विसरले. आता गाणं लावते."

तिचं बोट माझ्या बटणावर आलं. दोन वर्षं दुसऱ्यांसाठी जे गाणं ती लावत आली तेच, नेमक्या जागेवरून. मग बुटांच्या नाड्या ओढल्याचा आवाज. मग चाकं.

मी जमेल तेवढं वाजत होतो. पण ते तेल आत होतंच. गाणं लांबत होतं, मध्येच डुगडुगत होतं. त्या गाण्यावर कुणालाही ताल धरता आला नसता. तिने माझी वाट पाहिली नाही. ताल तिच्या पायांत होता. पहिली उडी, एक ठोका. गिरकी, आणि वाऱ्यात पंजाबी ड्रेसची फडफड. दुसरी उडी, एक ठोका. मी मागे पडत होतो, धापा टाकत होतो, आणि तिची चाकं पुढे, आणखी पुढे.

कुणीही हसलं नाही. हसल्याचा आवाज मला नक्की ऐकू आला असता.

शेवटी चाकं करकरून थांबली. तिचं संपलं होतं. माझं गाणं अजून चालूच होतं.

सर टेबलाकडे आले. त्यांचं बोट बटणावर टेकलं, एवढ्यात तिथे दुसरा हात पडला, हाडकुळा, हलका. सलोनीचा.

"संपू दे, सर."

सर उभे राहिले. गाणं संपेपर्यंत उभे राहिले.

[थांबा]

कसालला वर्षाली गेली नाही. हे मी लपवणार नाही. सरांनी शब्द फिरवला नाही, आणि तिने विनंती केली नाही. सलोनी आणि किशोरीही गेल्या नाहीत. कार्यक्रम त्यांच्याशिवाय झाला आणि चांगला झाला म्हणे.

आता त्या तिघी बंदरावर जिथे मासळीचा लिलाव होतो, तिथल्या सिमेंटच्या लादीवर सरकतात. लिलाव आटपला, लादी धुऊन सुकली, की दुपारी. चंद्रावती आणि तिच्या सोबतिणी टोपल्या उपड्या घालून कडेला बसतात. "गो, हळू, खांब आसा," असं ओरडतात. कुणी पडलं तर सगळ्यांत आधी त्याच हसतात आणि सगळ्यांत आधी त्याच उठवायला जातात. पॉडकास्टचा दुसरा भाग मी तिथेच टिपला. प्रितेशने नवीन यंत्र देऊ केलं होतं. वर्षाली नको म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मी हात जोडणार नाही. मला कोरड्या फडक्याने पुसा, मिठापासून लांब ठेवा, बस्स. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सरकत असेल, नाचत असेल, पळत असेल, तर एकदा डोळे मिटून ऐका. ठोका एक येतो की दोन, तेवढंच ऐका. आणि एक आला, तर बाजूला व्हा. तिला जागा लागते.