बेगमची नखं

अहमदपूरच्या बाजारात अजीज मनियारांचा हात नावाजलेला. "हिच्या हातात सव्वादोनची जायची न्हाई," असं आईनं सांगितलेल्या पोरीच्या हातातसुद्धा ते सव्वादोनच्याच मापाच्या डझनभर बांगड्या भरायचे, आणि एकही फुटायची नाही. साबणाचं पाणी लावायचं, बोटांची मुळं एका मुठीत दाबून धरायची, गाव कोणतं, नवरा काय करतो, असं काहीबाही विचारत राहायचं. पोरगी उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर. असा हा माणूस आपल्याच घरच्या मांजरीपुढं हात टेकायच्या बेतात होता.

मांजरीचं नाव बेगम, आणि वागणंही नावाला साजेसं. सहा महिन्यांपूर्वी अजीजभाईंच्या बायकोला, सालेहाबींना, अर्धांगवायू झाला, तेव्हापासून बेगमचा मुक्काम त्यांच्या मांडीवर. ती लाडात आली की पुढच्या दोन्ही पंजांनी त्यांचा डावा हात कणकेसारखा तिंबायची. डाव्या हाताला काही कळत नव्हतं. गुरुवारी त्यांची मुलगी सदफ उर्दू शाळेतून शिकवून घरी आली, तेव्हा आईची बाही रक्तानं भरली होती आणि आई निवांत मांजरीचे कान खाजवत होती.

"अब्बा, अम्मीला शुगर हाय," सदफ म्हणाली. "जखम चिघळली तर कोण निस्तरणार? येत्या रविवारी कलीममामू येऊन राहिलेत. जाताना बेगमला आजोळी मुरुडला घेऊन जातील."

आजारानंतर सालेहाबींच्या तोंडून शब्द मोजकेच निघत. पण मांजरीच्या पाठीवरचा उजवा हात थांबला. तो थांबलेला हात अजीजभाईंनी पाहिला. ते दुकानात गेले की दिवसभर बायकोला सोबत होती ती त्या मांजरीचीच.

"नखं कापतो की तिची," ते म्हणाले. "उद्या जुम्मा हाय."

"मांजरीची?"

"नखं ती नखंच. न्हाई जमलं तर मग ने म्हणावं मामूला."

त्या घरात शुक्रवारी सकाळी आंघोळीआधी सगळ्यांची नखं कापली जायची, आणि कापायचे अजीजभाईच. सदफ दहावीत जाईपर्यंत मुकाट बोटं पुढं करत होती. सहा महिने सुटला होता तो एकच हात, सालेहाबींचा डावा. त्याची मूठ आवळली गेली होती ती आवळलेलीच. लातूरच्या दवाखान्यात त्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या, तेव्हापासून सालेहाबी तो ओढणीखाली ठेवत. व्यायाम शिकवायला आलेल्या बाईला त्यांनी हात लावू दिला नाही, नवऱ्याला तर नाहीच. मनियाराच्या बायकोचा हात असा झाला, याची त्यांना लाज वाटत होती. अजीजभाईंना ते कळत होतं, म्हणून त्यांनी कधी हट्ट धरला नाही.

शुक्रवारी त्यांनी बेगमला टॉवेलात गुंडाळलं आणि सवयीनं बांगडी भरायला धरतात तसाच तिचा अख्खा पंजा मुठीत दाबला. हजारो हात असेच धरलेले, त्यामुळं दुसरं काही सुचलंच नाही. बेगमनं अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि ती कपाटावर जाऊन बसली.

सालेहाबी हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण खळखळून. "सदफचे अब्बा," त्या एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "अख्खा नको. एक... एक बोट."

बेगम खाली उतरून मांडीवर झोपेपर्यंत अजीजभाई अंगठा चोखत बसून राहिले. मग जमिनीवर मांडी घालून त्यांनी एकच बोट दोन चिमटींत धरलं आणि वरून-खालून हलकेच दाबलं. नख आपसूक बाहेर आलं. मुळाशी गुलाबी, टोकाला पांढरं. गुलाबी सोडून त्यांनी नेलकटरनं टोक उडवलं. बेगमनं एक डोळा उघडला.

"कोणतं गाव तुमचं?" अजीजभाईंनी तिला विचारलं. "अन् मालक काय करतात? फिरतीवर असतील."

सालेहाबी पुन्हा हसल्या. अशा गप्पा मारत पुढच्या पंजांची दहाही नखं झाली. बेगम उठली, आळोखेपिळोखे देऊन स्वयंपाकघरात गेली. आता तिला मुरुडला पाठवायचं कारण उरलं नव्हतं. अजीजभाई फरशीवरची नखं कागदात गोळा करत होते, तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यावर काहीतरी जड येऊन पडलं.

सालेहाबींनी उजव्या हातानं डावा हात उचलून तिथं ठेवला होता. ओढणी बाजूला सरली होती.

"आता ह्याची," त्या म्हणाल्या.

अजीजभाईंनी मूठ मुठीत धरली नाही. मनगट हळूच खाली वाकवलं, करंगळीपासून बोटं सोडवायला सुरुवात केली.

"कोणतं गाव तुमचं?" त्यांनी विचारलं.

"मुरुड."

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. तळहातात नखं रुतून चार वण पडले होते. ते पाहून अजीजभाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. नखं मात्र सगळी नीट कापली.

सालेहाबी आपल्या उघड्या तळहाताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बांगडी आता... अडीचची लागंल."

अजीजभाईंनी हात उलटा करून पाहिला, बोटांची मुळं अंगठ्यानं चाचपली.

"सव्वादोनचीच जाईल," ते म्हणाले. "रोज थोडा हात दे माझ्याकडं."