हॉलिन हाऊचं चौथं फाटक

"एक!" धुक्यातून विल्फचा आवाज आला.

"दोन."

"तीन."

"चार, आणि चहा कधी?" हा कॉलिन. चहाशिवाय याला आकडा म्हणता येत नाही.

असं करत करत नवापर्यंत आलं. नववी ईनिड. ती दर वेळी "नऊ" असं म्हणते की जणू कुणी तिचा पाय तुडवला आहे. मग मी फाटक ओढून घेतलं, साखळी खिळ्यात अडकवली आणि ओरडले, "दहा. बंद!"

तेव्हा कुठे विल्फ पुढे निघाला. सगळ्यात शेवटच्या माणसाने "बंद" म्हटल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या बुधवारच्या मंडळाचा नियम. नियम एकूण तीनच. हजार फुटांच्या वर जायचं नाही. पुढे चालणाऱ्याने आदल्या दिवशी, मंगळवारी, एकट्याने येऊन वाटेची पाहणी केलेली असली पाहिजे. आणि फाटक बंद. तिसरा नियम तर गावात देवाच्या आज्ञांइतकाच जुना असावा. ऑक्टोबरात मेंढे माद्यांपासून वेगळे ठेवलेले असतात. एक फाटक उघडं राहिलं की कोकरं महिनाभर आधी, बर्फात जन्माला येतात, आणि मग तो शेतकरी आयुष्यभर तुमच्याशी बोलत नाही.

विल्फ टायसन एकवीस वर्षं आम्हाला बुटक्या टेकड्यांवर नेत होता. त्याआधी एकतीस वर्षं तो शाळेची बस चालवायचा. मी त्याच शाळेत पोरांना जेवण वाढायचे. तो पोरं मोजून उतरवायचा आणि मी त्यांना मोजून बटाटे घालायचे, अशी आमची ओळख. आमच्या खोऱ्यात मोठमोठे डोंगर आहेत, लांबून लोक येतात, त्यांच्यावर उन्हाळ्यात रांगा लागतात. विल्फ तिकडे ढुंकून बघायचा नाही. "मोठा डोंगर कुणालाही दिसतो," तो म्हणायचा. "बुटक्याकडे मुद्दाम जावं लागतं."

अशा मुद्दाम जाण्याजोग्या छत्तीस टेकड्यांची यादी त्याच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. अक्षर मार्जरीचं, त्याच्या बायकोचं. प्रत्येक टेकडीपुढे खुणा आहेत. तीन फेरे पुरे झालेले, चौथा चालू. चौथ्याच्या पहिल्या सात खुणा मार्जरीने केलेल्या आहेत, बाकीच्या विल्फने. मार्जरी शेवटी चालायची आणि फाटकं बंद करायची. ती जाऊन चार वर्षं झाली. तिची जागा मी घेतली म्हणण्यापेक्षा तिचं काम माझ्याकडे आलं म्हणावं.

आकडे म्हणायची टूम मात्र दोन वर्षांपूर्वीची. विल्फ एके दिवशी म्हणाला, आजपासून प्रत्येकाने आपापला आकडा ओरडायचा, लष्करासारखा. आम्ही हसलो. ईनिडने जरा शिव्या दिल्या. मग सवय झाली.

मला त्यातली गोम कळली ती गेल्या मे महिन्यात. एका टेकडीच्या माथ्यावर आम्ही सँडविच खात बसलो होतो आणि समुद्राकडे हात करून विल्फ म्हणाला, "आज आयल ऑफ मॅन काय स्वच्छ दिसतंय!" समुद्रावर ढगांची गोधडी पसरली होती. बेटच काय, किनारासुद्धा दिसत नव्हता.

"कालची उतरली नाही वाटतं तुझी," ईनिड म्हणाली. सगळे हसले. विल्फही हसला, पण जरासा उशिरा. पोरांना जेवण वाढण्यात आयुष्य गेलं माझं. कोण उशिरा हसतो ते मला कळतं.

त्या दिवशी मी त्याला गाडीतून घरी सोडलं. त्याने स्वतःची गाडी हिवाळ्यातच विकली होती. म्हाताऱ्यांना बस फुकट असताना पेट्रोल कशाला जाळायचं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. दारापाशी त्याने डाव्या हाताच्या बोटाने कुलपाचं भोक शोधलं, आणि मग त्या बोटाशेजारून किल्ली आत सरकवली.

"विल्फ," मी म्हणाले, "किती दिसतं तुला?"

तो किल्ली धरून उभा राहिला. "कडेकडेचं दिसतं."

"आणि मधलं?"

"मधलं गेलं. आता तुझ्यामागचा रस्ता दिसतोय, तुझी टोपी दिसतेय. तुझं तोंड तेवढं दिसत नाही." थोडं थांबून म्हणाला, "त्यात माझं फार नुकसान आहे असं नाही."

मी हसले नाही. तेव्हा तो गंभीर झाला. "हेस्टर, हा फेरा पुरा होऊ दे. सहाच राहिल्यात. वाटा मला पायाने पाठ आहेत. कुठल्या फाटकानंतर कुठे वळायचं ते पाठ आहे. मंगळवारी येऊन सगळं हातांनी बघून जातो. त्या कॉलिनला कळलं तर तो मला एक फॉर्म भरायला देईल, आणि संपलंच."

कॉलिन आमचा नवा चिटणीस. मँचेस्टरहून निवृत्त होऊन आलेला, सगळे नकाशे फोनमध्ये. माणूस वाईट नाही, पण फॉर्मवर त्याचं प्रेम आहे.

मी कुणाला सांगितलं नाही. एकीकडे मैत्री होती आणि एकीकडे अक्कल, आणि मी मैत्रीच्या बाजूने गेले. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तीन-चार आठवड्यांनी एक टेकडी, असे पाच बुधवार मी शेवटून चालताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. पण विल्फ एकदाही चुकला नाही. मंगळवारची पाहणी त्याने एकदाही सोडली नाही.

आज छत्तिसावी, हॉलिन हाऊ. उंची सातशे ऐंशी फूट. सकाळी गाडीत बसल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काल पाहणी झाली ना?"

"झाली," तो म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर नुसतं धुकं होतं. त्या वेळीच मला शंका यायला हवी होती.

हॉलिन हाऊची वाट सोपी आहे. चर्चमागच्या गल्लीतून वर चार फाटकं. चौथ्यानंतर डावीकडे वळायचं, दगडी गडगा उजव्या हाताला ठेवायचा, की अर्ध्या तासात माथा. तिसऱ्यानंतर मात्र डावीकडे वळायचं नाही. तिथे पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, चाळीस फूट खोल, आणि तिच्याभोवतीचं कुंपण माझ्या लग्नाच्या सुमारास कुजलं.

दुसऱ्या फाटकाची साखळी नवी कोरी होती. बोटांना तेल लागलं. शेतकऱ्याने फाटक बदललं वाटतं, असं मनाशी म्हणून मी "दहा, बंद" म्हटलं आणि पुढे गेले. तपकिरी पडलेल्या नेच्यांमधून वाट वर चढत होती. धुकं इतकं दाट की मला ईनिडची पाठ तेवढी दिसत होती. मग तिसरं फाटक. मग चौथं. आकडे झाले, माझी पाळी आली. मी साखळी अडकवायला हात घातला आणि मनगटाला काटे टोचले.

हॉली. खांबाला टेकून उभं असलेलं, काटेरी पानांचं म्हातारं हॉलीचं झाड. मार्जरी दर वेळी त्याला इतक्या ठेवणीतल्या शिव्या द्यायची की पाद्री बरोबर असला की आम्ही खोकायचो.

हॉलीचं फाटक हे तिसरं. कायमचं तिसरं. म्हणजे खालचं ते तेलकट साखळीचं फाटक बदललेलं नव्हतं, जास्तीचं होतं. शेतकऱ्याने कुरणाचे दोन भाग करून मध्ये नवी तार ओढली होती. विल्फने चार मोजली होती. आणि "दहा, बंद" तर मी सवयीने म्हणूनही बसले होते.

पुढे पावलं वाजली. डावीकडे वळणारी पावलं.

"विल्फ, थांब, तू चुकलास," एवढं ओरडायचं होतं. पण ते बाकीच्या आठ जणांच्या देखत ओरडायचं होतं. माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"फाटक उघडं आहे!"

सगळे जागच्या जागी थिजले. उघड्या फाटकासाठी आमच्याकडे माणूस जेवणावरून उठतो. आणि आमच्या मंडळाची रीत अशी की पुढच्याने मागे येऊन ते स्वतः बघायचं. गडग्यावरून हात फिरवत विल्फ सगळ्यांना ओलांडून माझ्यापर्यंत आला. साखळी चाचपली.

"लागलीय की गं."

"लागलीय," मी हळूच म्हणाले. "तो हात जरा उजवीकडे ने."

त्याने हात नेला. काटे टोचले असणार, पण त्याने हात मागे घेतला नाही. तसाच पानांवर ठेवला.

"हे तिसरं," तो म्हणाला.

"हो. खाली एक नवीन बसवलंय. काल आलास तेव्हा हाताला लागलं नाही का?"

तो म्हणाला, "काल मी आलो नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. ते म्हणाले, आता परत यायची गरज नाही."

"म्हणजे बरं आहे?"

"म्हणजे त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही."

मी त्याची बाही धरली. विल्फ म्हणाला, "खाण किती लांब होती?"

"साठेक पावलं."

"नऊ जण," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत एक पोर कुठे विसरलो नाही मी."

"काय झालं तिकडे?" कॉलिन ओरडला. "येऊ का?"

"ऐक," मी घाईने म्हणाले, "माझा पाय मुरगळला म्हणून सांगते. परत जाऊ. कुणाला कळायचं नाही. पुढच्या बुधवारी—"

"नाही," विल्फ म्हणाला. "डोळे गेले ते माझं मी बघून घेईन. पण पाहणी न करता माणसं डोंगरावर आणली मी. ते लपवायचं नाही."

त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगून टाकलं. खाण, फाटक, दवाखाना, सगळं. बस चालवताना रस्ता बंद असल्याचं सांगायचा तशाच आवाजात. मीही मग सांगितलं की मला मेपासून ठाऊक होतं. कॉलिनने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली, आणि ते रास्तच होतं.

ईनिड म्हणाली, "म्हणजे ते आकडे... आम्ही आहोत की नाही ते तुला त्यावरून कळायचं?"

"हो."

"आणि मी दोन वर्षं तुला शिव्या घालतेय."

"घाल की. कान शाबूत आहेत."

ती हसली आणि लगेच रुमाल शोधू लागली. कॉलिनने फोन बाहेर काढला, त्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा पुढे होणार. पण तो विल्फकडे बघत म्हणाला, "काय करू या, विल्फ? तू सांग."

विल्फने तोंड वर केलं. माथा होता त्या बाजूला. धुक्यात तो आम्हालाही दिसत नव्हता.

"सातशे ऐंशी फूट," तो म्हणाला. "एवढ्याशासाठी परत काय फिरायचं? हेस्टर पुढे जाईल. तिला वाट ठाऊक आहे. मी शेवटी."

"शेवटी?" मी म्हणाले. "विल्फ, शेवटच्याला फाटक..."

"फाटक बंद करायला डोळे कशाला लागतात?"

कॉलिनने पाठीवरच्या पिशवीचं नारिंगी पावसाळी वेष्टण नीट पसरलं आणि ईनिडला म्हणाला, "बाई, तुम्ही चार व्हा. नववा मी." मग विल्फला म्हणाला, "कडेकडेचं दिसतं ना? मग मी तुझ्यापुढे जरा तिरका चालतो. माझी बायको म्हणते मी तसाही तिरकाच आहे."

मी पुढे झाले. एकवीस वर्षांत मी या माणसांच्या पुढे कधी चालले नव्हते. पुढे चालताना कुणाची पाठ दिसत नाही, नुसतं पांढरं धुकं दिसतं, आणि मागच्या सगळ्यांची पावलं आपल्या पावलांवर विसंबलेली असतात. विल्फने दोन वर्षं हे असं केलं होतं. मला रडू आलं ते तिथे, आणि पुढे असल्यामुळे कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

चौथं फाटक आलं. खरं चौथं. मी ते उघडलं, आत गेले, नेहमीच्या अंतरावर थांबले. मागून एकेक जण आत आला. सगळं शांत झालं.

मला "एक" म्हणायचं होतं. मी बाहीने डोळेच पुसत राहिले. मी म्हटल्याशिवाय कुणी दोन म्हणणार नव्हतं. मेंढीसुद्धा ओरडत नव्हती.

"पुढची झोपली काय?" अगदी मागून विल्फचा आवाज आला.

सगळे हसले. मी नाक पुसलं. "एक!"

"दोन."

"तीन."

"चार, आणि चहा कधी?" ईनिड म्हणाली.

पाच, सहा, सात, आठ. "नऊ," कॉलिन.

मग काहीच नाही. मी कान देऊन उभी राहिले. लाकूड लाकडावर आपटलं. साखळी एकदा घसरली, दुसऱ्यांदा खळखळली आणि खिळ्यात बसली. मार्जरी साखळी बसल्यावर फाटकाला बुटाने एक लाथ मारून बघायची. तशी लाथ ऐकू आली.

"दहा," विल्फ म्हणाला. "बंद."

मी मागे वळून पाहिलं नाही. डावीकडे वळले, गडगा उजव्या हाताला घेतला आणि चालू लागले.