गिऱ्हाइकाची गादी

गादीवाल्याने छातीभर पाण्यात उभं राहून पाण्यावर तळहात दाबला. जरा पुढे सरकून पुन्हा दाबला. कापसात कुठे गाठ राहिली आहे का, हे तो आयुष्यभर असंच बघत आला होता.

"काय शोधताय, काका?" व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काठावरून विचारलं.

"गाठ. एकसुद्धा नाही. कुणी पिंजलंय हे?"

"ते नंतर बघू. आधी गुडघे उचलत चाला. पोट आत."

तो चालू लागला. पुढे एक निवृत्त टंकलेखिका, मागे एक जाडजूड ट्रकवाला. सगळे कमरेचे दुखणेकरी. जमिनीवरून कण्हत आलेली ही मंडळी कोमट पाण्यात उतरली की ढगांसारखी सरकत. छताच्या काचेतून आलेलं ऊन त्यांच्या खांद्यांवर डुलत राही, आणि कुणी बोललं तर शब्द आधी भिंतीपर्यंत फिरून येई, मग कानाशी थांबे.

गादीवाल्याची ख्याती मोठी. त्याच्या गादीवर झोपलेला एक न्यायाधीश म्हणे सुनावणीला उठलाच नाही. वादी-प्रतिवादी वाट बघून कंटाळले आणि त्यांनी एकमेकांच्या पोरांची लग्नं जुळवून टाकली. एका नवरदेवाला तर गादीसकट लग्नाला न्यावं लागलं. यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

पण गादी शिवायची तर जमिनीवर बसून, वाकून टाके घालावे लागतात. गेल्या हिवाळ्यात तो वाकला तो सरळ होईना, आणि सरळ झाल्यावर वाकेना. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली होतं. जावई अधूनमधून येऊन नुसत्या नजरेने दुकान मापून जाई. त्याला तिथे फोमच्या तयार गाद्या लावायच्या होत्या. पावसाळ्यापर्यंत पाठ वाकली नाही, तर किल्ली त्याला द्यायची, असं ठरून गेलं होतं.

बायको काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली असे.

"अहो, जरा जोर लावा की."

"पाण्यात जोर चालत नाही. इथे पाण्याचं ऐकावं लागतं."

"बरं झालं. कुणाचं तरी ऐकायला लागलात."

हळूहळू पाठ सैल पडत गेली. फक्त एक गोष्ट त्याला जमेना. बाई म्हणायच्या, उताणे व्हा, डोकं मागे टाका. आणि तो कठड्याची दांडी सोडायचा नाही.

"भीती वाटते?"

"भीती कसली? पद्धत नाही." तो खालच्या आवाजात म्हणाला, "वडील सांगायचे, गिऱ्हाइकाच्या गादीवर कारागिरानं पाठ टेकायची नाही. खळगा पडतो."

"मग घरी कशावर झोपता?"

"चटईवर. शिवली ती प्रत्येक गादी कुणाची ना कुणाची होतीच."

"आणि काकू?"

"ती पण," तो म्हणाला.

बाई पाण्यात उतरल्या. त्यांनी त्याच्या पाठीखाली तळहात धरला. "हे पाणी कुणाचंच नाही, काका. हात सोडा. पाणी धरतंय."

त्याने हात सोडला.

कान बुडाले आणि जग आवाजाविना चालू लागलं. छत वाहत निघालं. त्याला वाटलं, जन्मभर पिंजलेला सगळा कापूस परत आलाय, आणि त्यातल्या एकाही तंतूला गिऱ्हाईक नकोय. बाईंनी हात कधी काढून घेतला, हेही त्याला कळलं नाही. तरंगत तरंगत तो वळला, तसा बाक नजरेत आला, उलटा. त्यावर बायको, तीही उलटी. ती उठू पाहत होती. एक हात बाकावर, दुसरा कमरेवर. अर्ध्यात थांबली, ओठ दाबले, कुणी बघत नाही ना हे पाहिलं, आणि मग सरावाने उरलेली उठली.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. गादीवाला थोडे टाके घाली, मग उठून दुकानभर गुडघे उचलत चाले, जणू तिथेही छातीभर पाणी होतं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत.

"माप मोठं दिसतंय," बायको म्हणाली. "गिऱ्हाईक कोण?"

"आहे एक. टोमणे फार मारतं."

संध्याकाळी घरी त्याने चटई गुंडाळून भिंतीला उभी केली आणि तिच्या जागी गादी पसरली.

"गाठ लागते का बघ."

तिने तळहात दाबला. "नाही."

"हातानं नाही. पाठीनं."

ती दाराकडे बघत राहिली, गादीचा मालक कुठल्याही क्षणी येईल अशी. मग अगदी कडेला आडवी झाली; एका हाताने गादीची शिवण घट्ट धरून. तो शेजारी बसला, बाईंनी शिकवल्यासारखा, आधी गुडघे, मग कंबर.

"हात सोड," तो म्हणाला. "कापूस धरतोय."