माळकऱ्याच्या घरातली जाळी

मी जाळी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. जाळी म्हटलं की लोकांना मासळी आठवते, आणि त्याच गैरसमजापायी मी बरेच महिने परभणीजवळच्या पिंगळीत, एका गोठ्यात काढले. आता स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे. शेजारी पुरणाची चाळण आहे, पण तिला फक्त पुरणातलं कळतं. म्हणून तुमच्याशी बोलते.

मी मासे धरत नाही. माझं कापड फार बारीक विणीचं. वर लोखंडी कडं, खाली निमुळती होत गेलेली झोळी आणि तिच्या टोकाला एक डबी. होडीमागं बांधून मला समुद्रात ओढायचे. पाणी माझ्यातून निघून जायचं आणि पाण्यावर तरंगत जगणारे बारीक जीव डबीत उतरायचे. शिकलेली माणसं त्यांना प्लवक म्हणतात. नुसत्या डोळ्यांना बहुतेक दिसत नाहीत, पण समुद्रातली सगळी पंगत त्यांच्यावरच उठते.

माझं कामाचं ठिकाण काकिनाडा. गोदावरी समुद्राला मिळते तिथला किनारा. या घरची मुलगी राजेश्री तिथं एका प्रकल्पात कंत्राटी नोकरीला होती. परभणीकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पहिल्या दिवशी होडीत बसताना तिनं नावाड्याला सांगितलं, "ही आमची गंगा." त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं हसून होडीची कड घट्ट धरायची खूण केली.

समुद्र लहरी असतो म्हणतात. लहरी कसला, रीतीचा पक्का आहे. पावसाळ्यात नदी गढूळ होऊन येते आणि प्लवकांचं खतपाणी घेऊन येते. पण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, म्हणून आधी माझी डबी रिकामीच. गाळ खाली बसला, ऊन आत उतरलं, की पाणी हिरवं पडायचं आणि मी भरून जड व्हायचे. कधी नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर पसरून राहायचं. मग खालचं खत खालीच अडकायचं, वरचे जीव उपाशी. एखादं तुफान येऊन सगळं ढवळून जाई, तेव्हा कुठं त्यांना घास मिळे. उन्हाळ्यात नदी आटली की पाणी कोमट, खारट आणि नितळ. लोक त्याचे फोटो काढायचे. मला ते पाणी रिकाम्या ताटासारखं वाटायचं.

एकदा पाण्यात बुडालेल्या बांबूला अडकून मी फाटले. माझ्या जागी नवी जाळी आली. मला फेकून देणार होते, पण राजेश्रीनं मला टाके घातले. प्रकल्प संपला तेव्हा कपड्यांच्या पिशवीत घालून घरी आणलं.

पिशवी उघडताच तिच्या आईनं, गोजरबाईंनी, गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली.

"आगं माय! माळकऱ्याच्या घरात माशाचं जाळं? काढ ते भायेर!"

"माय, हे माशाचं न्हाई—"

"जाळं म्हंजी जाळं. गोठ्यात ठिव."

झालं. मी गोठ्यात गेले. समुद्रात कधी एकटी नव्हते मी, एका ओढीत अगणित जीव माझ्या अंगाशी लागायचे. इथं धूळ आणि गोचिडं. राजेश्री धार काढायला आली की माझ्यावरून एकदा हात फिरवायची. तेवढाच काय तो मला आधार, आणि तिलाही बहुधा माझाच. घरात तिचं कुणाला काही कळत नव्हतं.

तिनं सांगून पाहिलं. "पाणी हिरवं पडलं की आमी लय खूश व्हायचो."

"हिरवं?" गोजरबाई म्हणाल्या. "हिरवं म्हंजी नासलेलं. लोक हौद घासून काढतेत आन तुमी खूश व्हायलेत!"

उन्हाळ्यात काकिनाड्याहून फोन आला. पावसाळ्यापासून नवं काम सुरू होणार होतं, येतेस का? राजेश्रीला जायचं होतं. घरात जिंतूरच्या स्थळाची बोलणी चालली होती. वडील, सुग्रीव, म्हणाले, "तुझी माय म्हणंल ते." आणि माय म्हणाली, "न्हाई म्हण त्यांला. तिकडं काय ठिवलंय एवढं?"

काय ठेवलंय ते राजेश्रीला सांगता येईना. संध्याकाळी ती गोठ्यात आली, माझं कडं धरून उभी राहिली आणि रडली. तिच्या डोळ्यांतलं खारं पाणी माझ्या कापडाला लागलं. किती दिवसांनी लागलं होतं!

त्याच आठवड्यात घरात कुरडया घातल्या. गोजरबाई भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक गाळायला बसल्या आणि जुन्या धोतराचं फडकं मधोमध फाटलं. दुसरं पातळ कापड घरात नव्हतं. वाटण आंबायला लागलेलं. राजेश्री उठली, मला गोठ्यातून आणून उकळत्या पाण्यातून काढलं, डबी सोडवली, टोक दोऱ्यानं बांधलं आणि मला पुढं केलं.

"शिवू नगं देऊस ते! माशाचं हाय."

"माय, तुझ्या माळंची आन. ह्यात आजवर मासा धरला न्हाई. पाण्यातलं गवत धरायचं हाय हे, बारीक गवत."

त्या गवताबरोबर खेकड्यांची न दिसणारी पिल्लंही येत, हे तिनं सांगितलं नाही. मीही गप्प बसले.

गोजरबाईंनी वाटणाच्या पातेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "वत," म्हणाल्या. चोथा माझ्यात अडला आणि पांढराशुभ्र चीक झरझर खाली उतरला. समुद्रात मी जे अडवायचे ते कामाचं, इथं जे सोडलं ते कामाचं.

सकाळी चीक तळाशी बसला होता. गोजरबाई पातेलं कलतं करून वरचं निवळ पाणी काढायला लागल्या. राजेश्री एकदम म्हणाली, "माय, थांब. ते पाणी का फेकायलीस?"

"मंग काय करू? त्याच्यात काय हाय? समदा जीव खाली बसलाय."

"तसंच हाय बघ तिथं. वर निवळ, खताचा जीव खाली. वारं येतंय, ढवळतंय, तवा तो वर येतो. मंग पाणी हिरवं पडतंय, आन त्याच्यावर समदे जेवतेत. कवा ढवळलं, किती वर आलं, ते मी बघत व्हते."

गोजरबाईंच्या हातातलं पातेलं तसंच कलतं राहिलं. "आन आपल्या गंगेचं पानी जातंय तितवर?"

"जातंय की."

"आपल्या इकडची माती बी?"

"वाटंत लय मोठ्या नद्या मिळतेत, माय. आपली चिमूटभर आसंल. पण जाती."

गोजरबाईंनी पातेलं सरळ ठेवलं. हात घालून चीक एकदा ढवळला. पांढरं वर आलं, ते बघत बसल्या. काढायचं पाणी पुन्हा गढूळ झालं आणि कुरडया दुपारवर गेल्या.

"जा तू," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला मी सांगते. जिंतूरवाल्यांला कुरडया खाऊ घालू आन वाटंला लावू."

राजेश्री गेली. मला वाटलं, पिशवीत माझीही घडी होईल. ती मला घेऊन निघालीसुद्धा होती. गोजरबाई म्हणाल्या, "ही ऱ्हाऊ दे गं. फुडल्या साली चीक गाळाया लागंल." तिथं नव्या जाळ्या होत्याच. राजेश्रीनं माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मला आईच्या हातात दिलं.

अशी मी गोठ्यातून घरात आले. मान मोठा झाला, पण पाणी सुटलं ते सुटलंच. वर्षातून एकदा गहू, बाकी सगळे दिवस खुंटी. वाईट वाटतं. वाटणारच.

गोजरबाई मात्र फोन लागला की आधी एकच विचारतात, "पानी हिरवं पडलं का गं?"

"आजून न्हाई, माय. गढूळ हाय. गाळ बसू दे."

आठवडेच्या आठवडे हेच चाललं. परवा मात्र फोनवर होडीच्या इंजिनाची धडधड आली आणि तिच्यावरून राजेश्रीचं ओरडणं, "पडलं, माय! डबी भरली!"

फोन ठेवून गोजरबाई वळल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पडलं बरं का."

तर गोजरबाई, एक मागणं आहे. मला तिकडं पाठवू नका, तुमचा चीक मीच गाळीन. फक्त तिचा फोन आला की या खुंटीजवळ उभ्या राहून बोलत जा. मला ती धडधड ऐकू येते.